पंधरा वर्षांची मुदत संपत आलेल्या गाडीतील बदल आणि आरटीओची तपासणी : काय काढावे, काय ठेवावे?

प्रश्न : धंतोलीकर

सर्वांना नमस्कार. माझ्या पेट्रोल सेडान गाडीच्या नोंदणीला येत्या तीन महिन्यांत पंधरा वर्षे पूर्ण होत आहेत. एमएच ३१ मालिकेतील ही गाडी मी काही वर्षांपूर्वी कामठीतील एका गृहस्थांकडून विकत घेतली होती. इंजिन उत्तम आहे, पत्रा कुठेही गंजलेला नाही आणि घरातील वडीलधाऱ्यांना तिच्यात चढणे-उतरणे सोयीचे जाते, त्यामुळे ती मोडीत न काढता नोंदणीचे नूतनीकरण करून आणखी पाच वर्षे वापरावी असा विचार आहे.

अडचण अशी की गाडीत पूर्वीपासून बरेच बदल केलेले आहेत. मूळ १८५/६५ आर १५ टायरच्या (म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंचांची) जागी २०५/६५ आर १५ टायर आणि रुंद अलॉय चाके आहेत. हेडलाइटमध्ये हॅलोजनऐवजी बाजारात मिळणारे एलईडी बल्ब आहेत. पुढे लोखंडी गार्ड आहे. सायलेन्सर मूळचा नाही आणि त्याचा आवाज गल्लीत आधी पोहोचतो, गाडी नंतर. डिकीत सीएनजीची टाकी आहे. तिची नोंद आरसीवर आहे, परंतु टाकीच्या पट्टीवर कोरलेली हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने टाकीची मजबुती तपासण्याच्या चाचणीची) तारीख उलटून गेली आहे. बाजूच्या काचांना फिल्म लावलेली आहे, आणि ज्याने नागपूरचा मे महिना काढला आहे त्याला ती का लावली असेल हे सांगावे लागणार नाही.

माझे विचारणे दोन गोष्टींबद्दल आहे. पहिले म्हणजे, यांपैकी काय काढावे लागेल, काय नियमित करून घेता येईल आणि काय ठेवता येईल? एका एजंटने मला सुचवले की तपासणीच्या दिवसापुरते जुने टायर आणि जुना सायलेन्सर बसवावा, आणि पासिंग झाले की पुन्हा आपले सामान चढवावे. हा सल्ला मला मान्य नाही. तपासली गेलेली गाडी एक आणि वर्धा रोडवर धावणारी गाडी दुसरी, असे होणार असेल तर त्या प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही. दुसरे असे की, इतकी वर्षे ही गाडी याच अवस्थेत फिरली आणि कोणीही तिला थांबवले नाही, याचा अर्थ आपल्या व्यवस्थेत काहीतरी मुळातून राहून गेले आहे असे मला वाटते. ते नेमके काय आहे, हे जाणकारांनी सांगावे.


उत्तर : निवृत्त निरीक्षक, प्रतापनगर

धंतोलीकर, आपण एजंटचा सल्ला बाजूला ठेवून विचारले आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझी नोकरी मोटार वाहन विभागात वाहनतपासणीतच गेली, आणि या विषयात लोकांचा सर्वांत मोठा गोंधळ एकाच ठिकाणी होतो : गाडीतील बदलाला दोन वेगवेगळ्या कसोट्या लागतात हे लक्षात घेतले जात नाही.

पहिली कसोटी मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ची. उत्पादकाने दिलेला जो तपशील नोंदणी प्रमाणपत्रात उतरला आहे, त्याच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, असे हे कलम सांगते, आणि त्याच्याच स्पष्टीकरणात 'बदल' म्हणजे वाहनाचे मूलभूत वैशिष्ट्य पालटेल असा त्याच्या रचनेतील फेरफार, अशी व्याख्या दिलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात ही भूमिका आणखी स्पष्ट केली आणि नोंदणीसाठी उत्पादकाने दिलेला मूळ तपशील बदलता येणार नाही असे सांगितले. इंधन बदलण्याचे संच, म्हणजे सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरी यांना कलमातच अपवाद आहे, मात्र तो विहित अटींवर. इंजिन बदलायचे असल्यास आधी नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता घ्यावी लागते.

दुसरी कसोटी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ ची आहे. आरसीवर हेडलाइटच्या बल्बचा, सायलेन्सरचा किंवा काचेच्या पारदर्शकतेचा उल्लेख नसतो. त्यामुळे 'आरसीवर काही बदलले नाही, मग गुन्हा कसला?' असे अनेकजण विचारतात. परंतु हे भाग आरसीवर नसले तरी त्यांच्यासाठी स्वतंत्र नियम आहेत : काचेसाठी नियम १००, हॉर्नसाठी नियम ११९, सायलेन्सर आणि आवाजासाठी नियम १२०, धुरासाठी नियम ११५. आपल्या गाडीतील बहुतेक बदल या दुसऱ्या कसोटीवर अडणार आहेत.

आता एकेक पाहू. लोखंडी गार्ड काढावाच लागेल. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सर्व राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड कलम ५२ चा भंग करतात हे कळवलेले आहे. त्याचे कारणही सबळ आहे. समोरून धडक बसली की गाडीचा पुढचा भाग चुरगळून धक्का शोषून घेतो. गार्ड थेट चेसिसला बोल्टने आवळलेला असेल तर तोच धक्का चेसिसमार्गे आतल्या माणसांपर्यंत जातो, आणि समोर पायी चालणारा असेल तर त्याला बंपरऐवजी लोखंडी नळी लागते. ज्या गाड्यांना एअरबॅग आहेत त्यांच्या संवेदकांच्या वेळेचे गणितही गार्डमुळे बिघडू शकते.

काचांविषयी थोडे सावकाश सांगावे लागेल. नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांमधून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये काचेवर कोणत्याही टक्केवारीची काळी फिल्म चिकटवण्यास मनाई केली. त्यानंतर या नियमात दुरुस्ती होऊन एप्रिल २०२१ पासून 'सेफ्टी ग्लेझिंग' हा शब्द आला, आणि केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्या आधारे मानकांत बसणाऱ्या आणि पारदर्शकतेची मर्यादा पाळणाऱ्या फिल्मला हरकत नाही असा निर्णय दिला. तरीही नूतनीकरणाला येताना फिल्म काढून यावे, असाच माझा सल्ला राहील. जिच्यावर मानकाचे चिन्ह नाही आणि पारदर्शकता किती हे कोणी सांगू शकत नाही, अशी कोपऱ्यावरच्या दुकानातली फिल्म त्या निर्णयाच्या आडोशाला येत नाही.

प्रक्रियेबद्दल सांगायचे तर अर्ज नमुना २५ मध्ये करायचा असतो आणि तो मुदत संपण्याच्या जास्तीत जास्त साठ दिवस आधी करता येतो, म्हणजे आपल्या हातात दुरुस्तीसाठी पुरेसा वेळ आहे. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले; पर्यावरण कर वेगळा. विमा आणि पीयूसी चालू असले पाहिजेत, आणि उच्च सुरक्षा क्रमांकपाटी बसवलेली असली पाहिजे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात द्यायचे तर असे : खासगी मोटारीकडे पंधरा वर्षे कोणी पाहतच नाही. टॅक्सी, ट्रक, बस यांना नवीन असताना दोन वर्षांचे योग्यता प्रमाणपत्र मिळते, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी ते नवे करावे लागते. खासगी गाडी मात्र शोरूममधून निघाल्यावर थेट पंधराव्या वर्षी निरीक्षकासमोर येते, आणि मधल्या काळात तिच्या वाट्याला येते ती फक्त पीयूसी. त्या तपासणीत धूर मोजला जातो. ब्रेक, प्रकाशझोत आणि चाके यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही.


उत्तर : वाडीचे गॅरेजवाले

निरीक्षक साहेबांनी कायदा सांगितला आहे, त्यामुळे मी फक्त गाडीचे बोलतो.

धंतोलीकर भाऊ, आपल्या टायरपासून सुरुवात करतो, कारण लोक टायरला सजावट समजतात आणि खरा परिणाम तिथेच सर्वांत खोल असतो. १८५/६५ आर १५ या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर येतो, आणि २०५/६५ आर १५ चा सुमारे ६४७. म्हणजे चाक चार टक्क्यांहून थोडे अधिक मोठे झाले. स्पीडोमीटर मात्र जुन्याच चाकाच्या हिशेबाने चालतो. काटा ८० दाखवत असताना गाडी ८३ ने धावत असते, आणि समृद्धी महामार्गावर आपण १२० ची मर्यादा पाळतो आहोत असे वाटत असताना प्रत्यक्ष वेग १२५ असतो. दुसरा परिणाम ब्रेकचा. ब्रेक तेवढीच पकड देतो, पण चाकाची त्रिज्या वाढल्यामुळे रस्त्यावर पडणारे रोधक बल त्याच प्रमाणात कमी होते, आणि रोलरवर ब्रेक मोजणाऱ्या यंत्रात ती घट आकड्याने दिसते. तिसरे असे की रुंद अलॉयचा ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचे अंतर, मूळ चाकासारखा नसेल तर चाक बाहेर सरकते, बेअरिंगवर ताण वाढतो, स्टेअरिंग पूर्ण वळवले की टायर आतल्या प्लास्टिकला घासतो. आपल्या गाडीच्या पुढच्या टायरची आतली कड हात फिरवून पाहा. ती एकसारखी नसून झिजलेली असेल तर अलाइनमेंटही बिघडलेली आहे असे समजावे.

मोठे चाक हवेच असेल तर त्याचाही शास्त्रशुद्ध मार्ग आहे. रिम एक इंच मोठी घेतली की टायरची भिंत तेवढी कमी करायची, म्हणजे बाहेरचा व्यास तोच राहतो. १९५/५५ आर १६ हा टायर मूळ टायरच्या व्यासाशी जवळजवळ मिलिमीटरपर्यंत जुळतो. परंतु व्यास जुळला म्हणून काम संपत नाही. टायरचा लोड इंडेक्स (वजन पेलण्याच्या क्षमतेचा आकडा) मूळपेक्षा कमी नको आणि चाकाचा ऑफसेट उत्पादकाच्या मर्यादेत हवा.

आता दिव्यांचे. हॅलोजन बल्बसाठी बनवलेल्या हेडलाइटचा आरसा त्या बल्बमधील तारेच्या जागेवरून आखलेला असतो. डिपरच्या तारेला खालून धातूची वाटी असते, ती वर जाणारा प्रकाश कापते आणि समोरच्याच्या डोळ्यांत झोत जात नाही. एलईडी बल्बमध्ये प्रकाश देणाऱ्या चकत्या त्या नेमक्या जागेवर नसल्या तर आरसा तो प्रकाश भलतीकडे फेकतो. चालकाला समोरचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो म्हणून त्याला समाधान वाटते, पण तो प्रकाश जवळच्या रस्त्यावर आणि समोरच्याच्या डोळ्यांवर पडलेला असतो. लांबवर, जिथे म्हैस किंवा सायकलवाला दिसायला हवा, तिथे तो हॅलोजनपेक्षा कमी असू शकतो. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत मी प्रथम मूळ ६०/५५ वॅटचे चांगल्या कंपनीचे बल्ब, स्वच्छ आरसा आणि नीट अर्थिंग एवढेच करतो, आणि बहुतेकांची तक्रार तिथेच मिटते. जास्त वॅटचे बल्ब लावून वायरिंग आणि होल्डर जाळून आलेल्या गाड्या पावसाळ्याच्या तोंडावर नेहमी येतात.

सीएनजीच्या टाकीचा आणि दिव्यांचा संबंध आहे, हे फार कमी लोकांच्या लक्षात येते. डिकीतली पोलादी टाकी पन्नास-साठ किलोची असते. तेवढे वजन कायमचे मागच्या धुरीच्याही मागे बसले की गाडीचे शेपूट खाली जाते आणि नाक वर उचलले जाते, आणि त्याबरोबर दोन्ही हेडलाइट वर पाहू लागतात. त्यात मागे तीन माणसे आणि सामान. किट बसवणाऱ्याने मागच्या स्प्रिंगचा विचार केला नाही आणि दिव्यांचा कोन पुन्हा लावून दिला नाही, तर साधा हॅलोजनही समोरच्याला त्रास देतो. आपल्या गाडीत टाकी, एलईडी आणि मोठी चाके तिन्ही एकत्र आहेत, म्हणजे एका बदलाचा दोष दुसऱ्याने वाढवलेला आहे.

टाकीची हायड्रो टेस्ट मात्र उद्यावर टाकू नका. गॅस २०० बार दाबाने भरला जातो आणि टाकी दर तीन वर्षांनी मान्यताप्राप्त केंद्रात तपासून घेणे बंधनकारक आहे. या टाक्यांना मान्यता देणाऱ्या पेसोचे, म्हणजे पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे, आणि त्याच शहरात मुदत संपलेल्या टाक्या घेऊन लोक पंपावर रांगेत उभे राहतात याचे मला फार वाईट वाटते. तपासणी होईपर्यंत गाडी पेट्रोलवरच चालवा.


उत्तर : विमा सर्वेक्षक, मनीषनगर

दोन मुद्दे जोडतो. सीएनजी किट आरसीवर नोंदलेले असणे पुरेसे नाही; विमा पॉलिसीवरही त्याची नोंद हवी. जुन्या मोटार टॅरिफपासून (विम्याच्या ठरलेल्या दरपत्रकापासून) चालत आलेल्या पद्धतीत किटच्या किमतीवर चार टक्के जादा हप्ता आकारला जातो आणि आयएमटी २५ हे पृष्ठांकन, म्हणजे किटची जोडनोंद, पॉलिसीवर येते. ते आपल्या पॉलिसीवर आहे का, हे पाहून घ्यावे. पुनर्विक्रीत गाडी घेतल्यावर आरसी नावावर होते, पण हे पृष्ठांकन मागे राहून जाते, असे मी वारंवार पाहतो.

दुसरे असे की, अपघातानंतर आम्ही गाडी पाहायला जातो तेव्हा बदल हा प्रश्न प्रथमच कोणीतरी गांभीर्याने विचारलेला असतो. वायरिंगला मधेच कापून जोडलेली तार, आगीचे मूळ ठरलेला रिले, ऑफसेट न जुळल्याने तुटलेले चाकाचे स्टड, हे सगळे तेव्हा दिसते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अशा कारणाने अडचणीत येतो, आणि तेव्हा मालकाला सांगण्यासारखे काही उरलेले नसते. हीच पाहणी अपघाताच्या आधी करण्याची सोय आपल्याकडे नाही, याबद्दल मी निरीक्षक साहेबांशी पूर्ण सहमत आहे.


उत्तर : रात्रपाळीची डॉक्टर, मेडिकल चौक परिसर

मी या चर्चेत वेगळा सूर लावते. आपण सगळे कोणता बदल चांगला आणि कोणता वाईट याची बारीक विभागणी करत आहात. मला रात्री बुटीबोरीहून परतताना समोरून येणाऱ्या पांढऱ्या झोतात काही सेकंद काहीच दिसत नाही, आणि त्या काही सेकंदांत दुभाजकावरून कोणी रस्ता ओलांडत असेल तर काय होते ते मी आमच्या वॉर्डात पाहते. माझ्या मते सरसकट बंदी असावी आणि ती दुकानापासून सुरू व्हावी. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अधिसूचित सुरक्षा-भाग मानकांविरुद्ध विकणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रति भाग एक लाख रुपये दंड आहे, आणि मालकाने परवानगी नसलेला बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड आहे. शिक्षा पुरेशी आहे. ती होताना दिसत नाही. असे असताना परवानगीच्या नव्या वाटा उघडल्या तर त्या वाटेने सगळेच शिरतील, अशी भीती मला वाटते.


उत्तर : परतलेला अभियंता, त्रिमूर्तीनगर

डॉक्टर ताईंची चिंता अगदी खरी आहे, तरी सरसकट बंदीने ती मिटेल असे मला वाटत नाही. मी नोकरीनिमित्त जर्मनीत आणि नंतर न्यूझीलंडमध्ये राहिलो, आणि दोन्ही देशांत गाडीतील बदल आणि नियमित तपासणी एकमेकांना बांधलेले पाहिले, म्हणून लिहितो.

जर्मनीत नवी मोटार पहिल्यांदा तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी मुख्य तपासणीला जाते. चाक, स्प्रिंग, सायलेन्सर असा भाग बदलायचा असेल तर त्या भागाबरोबर अधिकृत मान्यतेचा कागद असावा लागतो. तो भाग कोणकोणत्या गाड्यांना चालतो हे त्यावर लिहिलेले असते. कागद पुरेसा नसेल तर तपासणी संस्थेतील अभियंता गाडी प्रत्यक्ष पाहून बदलाची नोंद करतो. हे न करता धोकादायक बदल केला तर गाडीची रस्त्यावर येण्याची परवानगीच संपुष्टात येते. एलईडी बल्बचेच उदाहरण घ्या : हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये बसणाऱ्या एलईडी बल्बला तिथे २०२० पर्यंत मान्यता नव्हती, आणि जेव्हा मिळाली तेव्हाही ती ठरावीक बल्बला, ठरावीक गाडीच्या ठरावीक हेडलाइटपुरतीच मिळाली. म्हणजे आरसा आणि बल्ब यांची जोडी मोजून पाहिल्याशिवाय 'हो' म्हटले गेले नाही. ब्रिटनमध्ये हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये एचआयडी (झेनॉन) बल्ब आढळला तर वार्षिक तपासणीत मोटार नापास होते.

न्यूझीलंडची पद्धत मला अधिक भावली, कारण ती साध्या माणसाला समजते. किरकोळ बदलांची एक मर्यादा ठरलेली आहे. तिच्या आत असलेल्या बदलाला वेगळे प्रमाणपत्र लागत नाही. मर्यादेबाहेर गेले की मान्यताप्राप्त प्रमाणक गाडी तपासतो, आणि मंजूर केलेले बदल कोरलेली एक छोटी पट्टी गाडीवर कायमची बसवली जाते. पुढे नियमित योग्यता-तपासणीत निरीक्षक त्या पट्टीशी गाडी ताडून पाहतो. पट्टीवर आहे ते गाडीत हवे, पट्टीवर नाही ते गाडीत नको. आपल्या सीएनजी टाकीच्या पट्टीचेच हे तत्त्व आहे, फक्त ते पूर्ण गाडीला लावलेले आहे.

आपल्याकडे मधला हा टप्पा नाही. एका बाजूला उत्पादकाची मूळ गाडी, दुसऱ्या बाजूला बेकायदा बदल, आणि या दोन्हींच्या मध्ये प्रामाणिक माणसाने उभे राहण्यासाठी जागाच ठेवलेली नाही. त्यामुळे १९५/५५ आर १६ चा विचारपूर्वक बदल करणारा आणि आंधळेपणाने २०५ चढवणारा हे दोघेही तपासणीच्या आदल्या दिवशी एकाच दुकानात मूळ चाके भाड्याने शोधत असतात. पहिल्याला नोंद करायची सोय मिळाली तर तो करेल, आणि मग नोंद न केलेला दुसरा चटकन ओळखू येईल.


उत्तर : निवृत्त निरीक्षक, प्रतापनगर

डॉक्टर ताई आणि अभियंता साहेब, दोघांनाही एकत्रच उत्तर देतो.

परवानगीची वाट उघडली की सगळे शिरतील, हा अनुभव प्रत्येक वेळी खरा ठरलेला नाही. २०१९ च्या दुरुस्तीनेच दिव्यांग व्यक्तींसाठी रूपांतरित वाहनाची तरतूद सुधारली : मालकाला गाडी आपल्या गरजेनुसार रूपांतरित करून नंतर नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता घेता येते. हाताने चालणारा ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हा चालवण्याच्या दृष्टीने किती मोठा बदल आहे याचा विचार करा; तरीही तो कायद्यात बसवता आला, कारण बदल नोंदवला जातो आणि त्याची जबाबदारी घेणारा माणूस कागदावर असतो. सीएनजीचेही तेच. आपल्या पुण्यातील एआरएआय आणि मानेसरची आयकॅट यांसारख्या संस्था संचांना प्रकार-मान्यता देतात, आरटीओ नोंद घेते, टाकीला मुदत असते. ज्या बदलांना अशी चौकट मिळाली ते आज उजेडात आहेत. चाके, स्प्रिंग आणि दिवे यांना ती मिळाली नाही, म्हणून ते लपून राहतात.

डॉक्टर ताईंचा दुकानांबद्दलचा मुद्दा मात्र मी तसाच्या तसा मान्य करतो. मान्यता नसलेला बल्ब खुलेआम विकला जातो आणि दंड मात्र तो लावणाऱ्याला होतो, हे अन्यायाचे आहे.

आता यंत्रांबद्दल. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम आणले. या केंद्रांत ब्रेक रोलरवर मोजला जातो, चाकांचे बाजूला सरकणे, सस्पेन्शन, हेडलाइटचा झोत, धूर, आवाज, स्पीडोमीटर हे सगळे यंत्राने मोजले जाते. केंद्र चालवणाऱ्याला गाड्यांची दुरुस्ती किंवा सुट्या भागांची विक्री करण्यास मनाई आहे, आणि ही अट मला अत्यंत महत्त्वाची वाटते. दोष शोधणारा आणि दोष दुरुस्त करून पैसे घेणारा एकच असू नये. आमच्या काळात डोळा, कान आणि मोकळ्या मैदानात मारलेला एक ब्रेक यांवर बरेच काही ठरत असे. यंत्राने ते बदलेल.

परंतु यंत्र परिणाम मोजते, बदल ओळखत नाही. गार्ड लावलेल्या गाडीचा ब्रेक उत्तम येऊ शकतो. चिरलेली वायरिंग त्या दिवशी जळत नाही. त्यामुळे मोजणी आणि गाडीच्या कागदाशी ताडणी, या दोन्ही गोष्टी एकाच भेटीत व्हायला हव्यात. कागदावर मुळात बदलांची नोंद नसेल तर ताडायचे कशाशी? अभियंता साहेबांची पट्टी मला म्हणूनच पटते. खासगी गाडीला आठव्या वर्षी एक आणि बाराव्या वर्षी एक अशी तपासणी ठेवावी आणि बदल नोंदवलेल्या गाडीला ती लवकर लागू करावी, असे माझे मत आहे. लोक याला नवा त्रास म्हणतील, आणि शुल्क अवाच्या सवा ठेवले तर तो त्रास होईलही. ते कमीच ठेवावे लागेल.


प्रश्नकर्ता : धंतोलीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी पुढील क्रम ठरवला आहे : गाडी आजपासून पेट्रोलवर, टाकीची हायड्रो टेस्ट, पॉलिसीवर सीएनजीचे पृष्ठांकन, गार्ड आणि फिल्म काढणे, मूळ प्रकारचा सायलेन्सर, हॅलोजन बल्ब, आणि टाकी डिकीत असतानाच दिव्यांचा कोन लावून घेणे. हे सगळे तपासणीनंतरही तसेच राहील. काचांसाठी उन्हाळ्यात काढता येणारे जाळीचे पडदे गाडी उभी असतानाच वापरीन.

चाकांबद्दल एकच शंका उरली आहे. मूळ लोखंडी चाके माझ्याकडे नाहीत. सध्याच्या अलॉयवरच १८५/६५ चे टायर चढवले तर चालेल का?


उत्तर : वाडीचे गॅरेजवाले

भाऊ, ते रिमच्या रुंदीवर अवलंबून आहे. अलॉयच्या आतल्या बाजूला रुंदी आणि ऑफसेट कोरलेले असते. चाक काढून त्याचा फोटो इथे टाका. १८५/६५ टायरला साधारण ५ ते ६½ इंच रुंदीची रिम चालते. आपली रिम ७ इंचांची निघाली तर त्यावर हा टायर ताणला जाईल आणि खड्ड्यात त्याची कड रिमवरून सुटण्याचा धोका राहील, त्यामुळे तसे असल्यास कृपया चढवू नका. त्याच गाडीची मूळ चाके जुन्या भागांच्या बाजारात मिळतात, फक्त ती सरळ आहेत का हे बॅलन्सिंगच्या यंत्रावर फिरवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. टायर घेताना लोड इंडेक्स ८८ किंवा त्याहून अधिक हवा, म्हणजे एका टायरला ५६० किलो पेलता येतात, आणि टाकीचे वजन लक्षात घेता यात तडजोड नको. आयएसआय चिन्ह आणि उत्पादनाचा आठवडा पाहून घ्या. टायर बसल्यावर अलाइनमेंट, आणि दिव्यांचा कोन त्यानंतर. आधी दिवे लावून घेतले तर चाकाची उंची बदलल्यावर ते काम पुन्हा करावे लागेल.